चार पटीची दुर्बीण

सुभेदारांच्या घरी गेलं की पाण्याच्या आधी प्रश्न मिळायचा. "येताना डाव्या हाताला काय हुतं?" सांगता आलं नाही तर ते माणसाला पुन्हा फाटकापर्यंत पाठवायचे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मलाही पाठवलं. मी वनखात्यातला गार्ड, अंगावर खाकी, काखेत तीन दुर्बिणींचा खोका आणि डोक्यात नुसता जाळ. तिकडे श्रीगोंद्याच्या उसात बिबट्यानं पंधरा दिवसांत दोन जीव घेतले होते आणि इकडे नगरच्या सावेडीतल्या तळमजल्यावरचा हा म्हातारा मला फाटकाशेजारी काय आहे ते बघून यायला सांगत होता. मी पाय आपटत गेलो. एक बंद पडलेली मोपेड होती आणि तिच्या सीटवर मांजर झोपलं होतं. परत येऊन तसं सांगितलं.

"मांजराचं तोंड कुनीकडं हुतं?" त्यांनी विचारलं.

आतून काकू म्हणाल्या, "अहो, त्यांना आधी बसू तरी द्या." हे वाक्य त्या रोज कुणासाठी तरी म्हणत असाव्यात, कारण त्यात राग अजिबात नव्हता.

फौजेतून ते नायब सुभेदार होऊन निवृत्त झाले होते. गल्लीत त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे, मग मीही इथे सुभेदारच म्हणतो. लढाईत ते गेले नव्हते. लढणाऱ्यांच्या बंदुका मात्र त्यांनी आयुष्यभर दुरुस्त केल्या होत्या. फौजेत अशा माणसाला आर्मरर म्हणतात. गाव पारनेरकडचं, जमीन भावांकडे. हे नगरातच राहिले आणि पुढच्या खोलीत टेबल टाकून जमीन मोजणाऱ्यांच्या आणि पक्षी बघणाऱ्यांच्या दुर्बिणी दुरुस्त करू लागले. इतकी वर्षं शहरात राहूनही बोलणं पारनेरचं ठेवलं होतं, आणि कुणी ते सुधारायला गेलं की आणखी गावठी बोलायचे.

मी त्यांच्याकडे का गेलो ते सांगायला हवं. बिबट्याला पकडायला पिंजरे लावून झाले होते. बेशुद्ध करायचे दोन प्रयत्न फसले होते. मग ऊसतोडीच्या टोळीतली चार वर्षांची मुलगी गेली. आईबाप फडात ऊस तोडत होते आणि ती कोपीच्या दारात, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या खोपटाच्या दारात, खेळत होती. त्यानंतर वरून मारायची परवानगी आली. मारणार कोण, तर मी. खात्याच्या नेमबाजीत दोनदा पहिला आलो होतो, त्याची ही शिक्षा. बंदूक म्हणजे पोलिसांकडून आलेली जुनी एसएलआर. एकदा चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप नळीत येऊन बसते. तिच्यावर दुर्बीण बसवायची होती, आणि कुठली बसवायची ते ठरत नव्हतं.

बिबट्याला मी भीत नव्हतो. मी भीत होतो गर्दीला. आमच्याकडे बिबट्या दिसला म्हटलं की अर्धा तालुका मोबाईल उंच धरून धावत येतो. एसएलआरची गोळी जनावरातून आरपार जाते आणि पलीकडे कोण उभं आहे हे विचारत नाही. बिबट्या निसटला तर आणखी एखादं लेकरू जाईल आणि माझा नेम नको तिथे लागला तर माझ्या हातून माणूस मरेल, या दोन विचारांनी मला आठ दिवस धड जेवण गेलं नव्हतं.

सुभेदारांनी खोका उघडला. पहिली दुर्बीण हातभर लांब, चोवीस पट मोठं दाखवणारी. आमच्या रेंजच्या साहेबांचा जीव हिच्यावर जडला होता. पुरवठादारानं तिच्यातून त्यांना लांबच्या रस्त्यावरच्या ट्रकचा नंबर वाचून दाखवला होता. दुसरी छोटी, सेलवर चालणारी, तिच्यात नुसता लाल ठिपका. तिसरी आखूड, काळी, चार पट दाखवणारी. ती खोक्यात आली होती ते केवळ तीन दर मागवायचे असा नियम होता म्हणून.

"बंदूक कुठाय?"

"ऑफिसच्या कपाटात. घरी आणायची परवानगी नाही."

"बरं केलं. बायको घाबरती." काकू आतून म्हणाल्या, "मी कशाला घाबरतेय." त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. "एसएलआरचं वरचं झाकन पत्र्याचं असतं. सरकून बसतं. त्याच्यावर दुर्बीन बसवायची म्हंजी पत्र्याच्या डब्यावर पानी भरल्याला हंडा ठिवायचा. गोळी सुटली की समदं हलनार. जी हलूनशान बी जाग्यावर येईल ती आपली."

आणि मग त्यांनी जे केलं ते बघून मी हात टेकले. तिन्ही दुर्बिणी त्यांनी रात्रभर फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, मटाराच्या पिशवीशेजारी ठेवल्या. दुसऱ्या दिवशी भर उन्हात गच्चीवर तापवल्या. तिसऱ्या दिवशी एका लोखंडी पाइपला घट्ट आवळून श्रीगोंद्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला बांधल्या. ट्रॅक्टरवाला त्यांच्या ओळखीचा होता. कारखान्यापर्यंतचा रस्ता कसा आहे ते ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. निघायच्या आधी त्यांनी तो पाइप टेबलाच्या शिकंज्यात पकडून भिंतीवर पेन्सिलीनं तीन फुल्या काढल्या होत्या, प्रत्येक दुर्बिणीच्या नेमाची एक. ट्रॉली परत आल्यावर पाइप पुन्हा तिथेच आवळला. लाल ठिपक्याची दुर्बीण बंदच पडली होती. साहेबांच्या लाडकीचा नेम चार बोटं उजवीकडे गेला होता. चार पटीची होती तिथेच होती.

"कळलं?" ते म्हणाले.

मला कळलं होतं, पण साहेबांना कसं कळवायचं ते कळत नव्हतं.

त्यांच्या तऱ्हा मोजायला बसलो तर वही भरेल. घरापासून डेअरी दोनशे चौदा पावलं, किराणा तीनशे नव्वद, असं सगळं त्यांना पाठ होतं आणि ते पावलं मोजतच चालायचे. मध्येच कुणी नमस्कार केला तर आकडा चुकला म्हणून त्याच्यावर चिडायचे. स्कूटर असून रिक्षानं जायचे. काकू बरोबर असल्या तर त्यांनी डाव्या बाजूनंच चाललं पाहिजे. लग्नात गेले की डावीकडच्या भिंतीला खुर्ची लावून बसायचे. चहाचा कप डावीकडे ठेवला तर "च्या आला न्हाई अजून" म्हणायचे, आणि काकू काही न बोलता कप उजवीकडे सरकवायच्या. मला हसू यायचं. फौजेतली शिस्त कुठल्या थराला जाते बघा, असं मी घरी सांगत असे.

एक डोळा मिटणाऱ्या माणसाचा त्यांना भयंकर तिटकारा होता. मी पहिल्यांदा दुर्बिणीला डोळा लावून दुसरा मिटला, तसं त्यांनी माझ्या खांद्यावर पट्टी मारली. "देवानं दोन दिल्यात ना? मंग एक काय भाड्यानं दिला का?"

मग मला गच्चीवर नेलं. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची काळी टाकी होती. चोवीस पटीची दुर्बीण हातात देऊन म्हणाले, "टाकीकडं बग. काय दिसतं?"

"टाकीवरची अक्षरं. झाकणाचा खिळासुद्धा दिसतोय."

"टाकीशेजारी काय हाय?"

दुर्बिणीत नुसतं काळं प्लॅस्टिक होतं. मी हलवून शोधायला गेलो तर आकाश आलं, मग भिंत आली, मग टाकीच हरवली. त्यांनी दुसरी दिली. चार पटीत टाकी लहान दिसली आणि टाकीशेजारी काकू दिसल्या. शेजाऱ्यांच्या गच्चीवर, हात लांब करून स्टीलचं ताट धरून उभ्या होत्या आणि ओठांवरून कळत होतं की नवऱ्याला बोलत होत्या. किती वेळ उभं केलं होतं त्यांना, कोण जाणे.

"मोठीत बिबट्याची मिशी दिसंल," सुभेदार म्हणाले. "पर बिबट्याच्या मागं कोन उबं हाय त्ये दिसायचं न्हाई. तुला मिशी मोजायचीय का मानसं वाचवायचीत?"

चार पटीची ठरली. साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सगळी कागदपत्रं त्या लांबडीच्या नावानं तयार होती. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे, पण उद्या काही झालं तर दुर्बीण तुझ्या मागणीवरून बदलली असं लिहून दे." मी लिहून दिलं.

सरावाला पोलिसांचं मैदान मिळालं. नव्या दुर्बिणीसाठी जाड झाकण सुभेदारांनी स्वतः घासून बसवलं. मी जमिनीवर आडवा, पुढे शंभर पावलांवर पाटी, आणि माझ्या डावीकडे, डोळ्याच्या कोपऱ्यात येतील एवढ्या बाजूला, सुरक्षित जागी सुभेदार काठीला लाल फडकं बांधून उभे. मी नेम धरला की ते कधी फडकं वर करायचे, कधी नाही. फडकं वर असताना गोळी सुटता कामा नये, एवढाच नियम. उजवा डोळा दुर्बिणीत, डावा उघडा, आणि डाव्यात फडकं आलं की बोट सोडायचं. ऐकायला सोपं आहे. उजव्या डोळ्यात नेम जुळला की डावा आपोआप मेल्यासारखा होतो, ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. पहिल्या दिवशी मी पाच वेळा फडकं वर असताना गोळी झाडली. पाचही वेळा पाटीच्या मधोमध लागली.

सुभेदार ओरडले नाहीत. पाचव्या वेळी काठी खाली टाकून मातीत बसले. "पाच मानसं मेली," म्हणाले. "चल, जिवून घे."

पण तिसऱ्या दिवसापासून फडकं दिसू लागलं. चौथ्या दिवशी एकही माणूस मेला नाही. त्या संध्याकाळी त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला कधी नव्हे ते निर्धास्त वाटलं. या माणसाच्या शब्दावर मी डोळे मिटून चाप ओढला असता.

श्रीगोंद्याच्या त्या फडात उसाची शेवटची पट्टी राहिली तेव्हा बिबट्या तिच्यातच होता. साहेबांच्या ड्रोनच्या पडद्यावर पानांखाली ठिपक्यांची पाठ स्पष्ट दिसली. दुपारचे तीन वाजले होते. एका बाजूनं टोळीनं ऊस तोडत यायचं, जनावर दुसऱ्या बाजूनं मोकळ्या रानात निघेल, आणि मी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीच्या छतावरून मारायचं, असं ठरलं. मोकळ्या रानापलीकडे कालव्याची कोरडी चारी आणि तिचा मातीचा बांध. गोळी चुकली तरी बांधात जाईल, म्हणून ही जागा सुभेदारांनीच पसंत केली होती. ते माझ्याबरोबर छतावर आले. साहेबांनी परवानगी दिली, कारण कडेला कुणी घुसलं तर बघायला एक माणूस लागणारच होता, आणि ज्यानं मला कडा बघायला शिकवलं त्याच्याहून चांगला माणूस कुठला मिळणार. ते माझ्या डावीकडे पोटावर झोपले.

रस्त्यावर पोलिसांनी गर्दी अडवून धरली होती, तरी तिचा आवाज येत होता. कोयत्यांचा आवाज जवळ येत गेला. मग कोयते थांबले. टोळीला जनावराचा वास आला की ती थांबते.

पट्टीच्या टोकाला पानं हलली आणि बिबट्या बाहेर आला. तो पळत नव्हता. पोट जमिनीला लावून डावीकडे, चारीच्या वळणाकडे चालला होता. मी त्याच्याबरोबर नळी सरकवत गेलो. त्याचा खांदा दुर्बिणीच्या फुलीवर आला आणि बोट चापावर गेलं.

"मोकळं?" मी विचारलं.

"मोकळं हाय. मार."

त्याच क्षणी माझ्या डाव्या डोळ्यात चारीच्या बांधावर मातीच्या रंगाचं काहीतरी उठलं. माती अशी उठत नाही. त्याला हात होता आणि हातात कोयता होता. बिबट्या, आणि त्याच्या बरोबर मागे तो. मी बोट सोडलं.

"मार," सुभेदार म्हणाले.

मी बोट चापाबाहेरच ठेवलं.

"मार की. मोकळं हाय म्हनतो ना."

बिबट्यानं माणूस बघितला, तिथल्या तिथे वळला आणि दोन झेपांत परत उसात शिरला. रस्त्याकडून एक मोठा गलका उठला. मी बंदुकीचा खटका बंद केला.

"का थांबला?"

"माणूस आहे. चारीवर."

"कुठं?"

"डावीकडे. समोरच आहे तुमच्या."

त्यांनी मान वळवली. मला वाटलं, पुरेशी वळली. तरी ते अजून शोधत होते. आणखी वळवली, जवळजवळ खांद्याला लागेपर्यंत, आणि मग त्यांना तो दिसला. त्यांचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. तो चेहरा बघून मला सगळं कळलं. या माणसाला डावीकडचं दिसतच नव्हतं. मी त्यांच्या तऱ्हांना हसत होतो, आणि मघाशी त्यांच्या शब्दावर माझं बोट चापावर होतं.

चारीवरचा तो माणूस त्या मुलीचा बाप होता. शेवटची पट्टी राहिली की उसातलं जनावर, ससा असो की डुक्कर, चारीकडेच पळतं, हे टोळीतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. आम्ही ज्या हिशेबानं ती जागा निवडली होती, त्याच हिशेबानं तो सकाळपासून चारीत आडवा पडून होता. अंगावर मातकट शाल आणि डोक्यात एकच गोष्ट. आता तो रान तुडवत आमच्याकडे येत होता. मी खाली उतरलो तेव्हा साहेब आधीच पोचले होते.

"फायर का नाही केलं?" साहेबांनी विचारलं. "दहा सेकंद समोर होता. तुझ्या त्या दुर्बिणीत दिसत नव्हता का?"

मी काही बोलायच्या आधी तो बाप माझ्यासमोर येऊन उभा राहिला. माणूस ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो अगदी हळू बोलला. "तुला दिसत हुता ना? मंग का मारला न्हाई? मला लागली असती तर लागली असती. माजं काय राह्यलंय आता."

मागून सुभेदार शिडी उतरत होते. एकेक पायरी पायानं चाचपत, आणि या वेळी ते लपवत नव्हते.

"त्याला इचारू नका," ते म्हणाले. "मी मार म्हनलो. दोनदा म्हनलो. मोकळं हाय, आसं बी म्हनलो." मग त्या बापाकडे वळून, "तू मला दिसला न्हाईस, बाबा. माजा डावीकडचा उजेड गेलाय. दोन वर्सं झाली. कुनाला सांगितलं न्हाई, घरात बी न्हाई. म्हनलं, मान वळवून भागतंय तवर भागवू. ह्या पोरानं माजं ऐकलं असतं तर आत्ता तुला झाकून न्ह्यायला लागलं असतं."

साहेब "सुभेदार, तुम्ही..." एवढं म्हणाले आणि थांबले. मला त्यांचा राग यायचा, पण एक मान्य करायला हवं. त्यांनी तिथे एक शब्दही जास्त काढला नाही. वॉकीटॉकी उचलून त्यांनी चारीच्या दोन्ही टोकांना माणसं उभी करायला सांगितली आणि रस्त्यावरची गर्दी आणखी मागे रेटली. हे सकाळीच करायला हवं होतं.

तो बाप अजून तसाच उभा होता. त्याच्या हातातला कोयता कुणी घ्यायची हिंमत करत नव्हतं. सुभेदारांनी हात पुढे केला, त्याच्याकडे असा नाही, थोडा बाजूला, अंदाजानं. "चल," म्हणाले, "गाडीत बसू दोघं. मला बी कुनीतरी धरून न्ह्यायला पायजे." बापानं कोयता कमरेला खोचला, तो हात धरला आणि ढेकळांतून त्यांना गाडीपर्यंत नेलं. खड्डा आला की सांगत होता.

मी परत छतावर गेलो, एकटा. चारी मी स्वतः टोकापासून टोकापर्यंत बघितली, मग रान बघितलं, मग पुन्हा चारी. कोयते सुरू झाले. पाचच्या सुमाराला बिबट्या पुन्हा निघाला, पुन्हा त्याच वाटेनं. उजव्या डोळ्यात खांदा, डाव्यात रिकामा बांध. "मोकळं?" असं मी मनातल्या मनात विचारलं आणि उत्तर मलाच द्यायचं होतं. एकच गोळी लागली. तो जागेवर पडला.

खाली आरडाओरडा झाला, माणसं धावली, कुणीतरी मला खांद्यावर घ्यायला आलं. मला आनंद झाला नाही. इतकं देखणं जनावर मी मारलं होतं. पण सुटल्यासारखं झालं हे खोटं कसं बोलू. गाडीजवळ गेलो तेव्हा तो बाप खाली उतरून उभा होता. तो बिबट्या बघायला गेला नाही. म्हणाला, "तिच्या आईला सांगून येतो," आणि कोप्यांच्या दिशेनं निघाला. सुभेदार आतच बसून होते. रस्ताभर त्यांना मोजायला पावलंही नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी सावेडीला गेलो. डाव्या हाताला काय होतं ते मला कुणी विचारलं नाही. काकूंनी दार उघडलं. मी कसं सांगावं म्हणून शब्द शोधत होतो, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "मला माहीत होतं हो. कप कोण सरकवत होतं इतके दिवस? त्यांना वाटायचं मला कळत नाही. मला वाटायचं, सांगितलं तर माणूस टेबलावरून उठेल आणि परत बसणार नाही." मग डोळ्याला पदर लावून त्या आत चहा टाकायला गेल्या.

डोळ्यांच्या दवाखान्यात मीच त्यांना नेलं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळायचं. किती उरलंय ते मोजायला एका अंधाऱ्या खोलीत यंत्र होतं, पांढऱ्या घमेल्यासारखं. हनुवटी टेकवायची, समोर एकाच जागी बघत राहायचं, आणि घमेल्यात कुठेही बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. सुभेदार ताठ बसले. अंगठा बटणावर ठेवला. फौजेतल्यासारखा श्वास सोडला आणि अर्ध्यावर धरला.

तपासणाऱ्या बाईंच्या मागे मी उभा होतो. त्यांच्या पडद्यावर प्रत्येक दिव्याची खूण उमटत होती. आधी मधल्या भागातले दिवे लागले आणि बटण पाच-सहा वेळा वाजलं. मग दिवे डावीकडे गेले आणि बटण थांबलं. एक, दोन, चार, सात. पडद्यावर काळे चौकोन भरत गेले. सुभेदार हलले नाहीत. अंगठा तयार होता, आणि नेम धरून बसलेल्या माणसासारखं त्यांचं सगळं अंग वाट बघत होतं.

बऱ्याच वेळानं ते हनुवटी न हलवता म्हणाले, "बाई, थांबलात का? लावा की पुढचं दिवं. मी तयार हाय."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. दिवे लागतच होते.